ओवा, हळद, लसूण आणि ब्रॉयलर कोंबडी
प्रतिजैविकांना वनौषधींचा पर्याय : ज्येष्ठांच्या घरांनी काय समजून घ्यावे?

आषाढातल्या शेवटच्या रविवारी ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ या पट्ट्यात कोंबडीच्या दुकानांपुढे लागणारी रांग आपल्या परिचयाची आहे. त्या रांगेत घरातील आजी-आजोबांसाठी सुपाचे तुकडे वेगळे मागून घेणारी माणसेही असतात. डॉक्टरांनी प्रथिने वाढवण्यास सांगितलेले असते, दात साथ देत नाहीत, डाळ-उसळ पचत नाही. अशा वेळी मऊ शिजलेली कोंबडी हा सोपा आणि परवडणारा मार्ग ठरतो. पण पिशवी हातात घेताना मनात एक शंकाही येते. हल्ली कोंबड्या औषधांवर वाढवतात असे म्हणतात, मग ती आईला, सासऱ्यांना द्यावी का?

ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर मात्र 'खा' किंवा 'खाऊ नका' इतक्या दोन शब्दांत मिळत नाही. अलीकडे काही उत्पादक कोंबडीच्या खाद्यात प्रतिजैविकांऐवजी ओवा, हळद, लसूण, दालचिनी अशा वनस्पतींचे अर्क वापरू लागले आहेत. या पर्यायाने नेमके काय साधते, काय साधत नाही आणि आपल्या घरातील वृद्ध माणसाशी त्याचा संबंध कोठे येतो, हे आपण क्रमाने पाहू.

ही कोंबडी वाढते कशी?

आपल्या भागातील दुकानांत येणारे पक्षी मुरबाड, शहापूर, कर्जत या तालुक्यांतील शेडमधून, तसेच नाशिक व पुणे जिल्ह्यांतून येतात. बहुतेक शेतकरी करार पद्धतीने काम करतात. पिल्ले, खाद्य, लसी आणि औषधे कंपनी पुरवते. शेड, पाणी, वीज आणि मेहनत शेतकऱ्याची असते. तयार पक्ष्याच्या वजनावर त्याला मोबदला मिळतो. म्हणजे मरतुक वाढली किंवा वजन कमी भरले की पहिला फटका त्यालाच बसतो.

सुमारे ४० ग्रॅम वजनाचे पिल्लू ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोंच्या वर जाते. हे हार्मोनच्या इंजेक्शनांमुळे घडते, असा समज घरोघरी आढळतो. तो खरा नाही. हा वेग अनेक दशकांच्या निवडक पैदाशीतून आणि मका-सोयाबीनच्या संतुलित खाद्यातून आला आहे. चिंतेचे कारण वेगळे आहे. एका शेडमध्ये हजारो पक्षी भाताच्या तुसाच्या गादीवर एकत्र राहतात. मुरबाड-शहापूरच्या मुसळधार पावसात ही गादी ओली राहिली की तिच्यात कॉक्सिडिया आणि ई-कोलायसारखे जंतू फोफावतात; उन्हाळ्यात उकाड्याने पक्षी धापा टाकतात आणि त्यांची रोगप्रतिकारशक्ती खालावते. रोग येण्याआधीच औषध देऊन मोकळे होण्याचा मोह येथे जन्म घेतो.

औषध खाद्यात शिरले तो इतिहास

१९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे संशोधक कोंबडीच्या पिल्लांसाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाच्या निर्मितीतून उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना दिला, तेव्हा पिल्ले अपेक्षेपेक्षा अधिक वेगाने वाढली. वाढीचे हे श्रेय केवळ जीवनसत्त्वाचे नसून चोथ्यात उरलेल्या प्रतिजैविकाचेही होते, हे पुढे स्पष्ट झाले. ज्या लेडर्लीत ऑरिओमायसिन सापडले, तेथील संशोधनाची धुरा यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञांकडे होती. माणसाला जीवदान देणारे औषध अशा रीतीने जनावरांच्या रोजच्या खाद्यात जाऊन बसले.

धोक्याची सूचना त्याहूनही जुनी आहे. पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगितले होते की, अपुऱ्या मात्रेत औषध दिल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतील. खाद्यातील प्रतिजैविकांची मात्रा नेमकी अशीच, थोडी पण रोजची असते. १९६९ मध्ये ब्रिटनमधील स्वान समितीने हा धोका अधिकृतपणे मांडला. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके देणे बंद केले, युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये निरोगी जनावरांना वाढीसाठी वा रोगप्रतिबंधासाठी अशी औषधे सरसकट देऊ नयेत, अशी शिफारस केली.

आपल्या देशातही पावले पडली आहेत. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने (सीएसई) २०१४ मध्ये दिल्ली परिसरातील कोंबडीचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष आढळले. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांमध्ये कोलिस्टिन या औषधाच्या वापरावर बंदी घातली. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने मांस, दूध, अंडी व मासे यांच्या उत्पादनात वर्ज्य असलेल्या प्रतिजैविकांची यादी वाढवली. हे सुधारित नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले.

ज्येष्ठांनी याची चिंता का करावी?

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली, मांसात उरलेला औषधाचा अंश, म्हणजे अवशेष. औषध बंद केल्यानंतर ठरावीक दिवस पक्षी विक्रीस न काढल्यास हा अंश शरीराबाहेर जातो. दुसरी गोष्ट, औषधाला न जुमानणारे जंतू. औषधाचा अंश निघून गेला तरी हे जंतू पक्ष्याच्या आतड्यात, पिसांवर, शेडच्या गादीत राहू शकतात. तेथून ते कामगारांच्या हातांवर, कोंबडखतातून शेतात, पाण्यात आणि कापलेल्या मांसाबरोबर आपल्या ओट्यावर पोहोचतात. म्हणून जे घर शाकाहारी आहे, तेही या प्रश्नाबाहेर राहत नाही.

हे जंतू निरोगी तरुणाच्या शरीरात शिरले तर बहुधा काहीच घडत नाही. साठी-सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीची स्थिती निराळी असते. मधुमेह, प्रोस्टेटची वाढ, लघवीसाठी लावलेली नळी, अंथरुणाला खिळल्याने झालेल्या जखमा, वारंवार होणारी रुग्णालयाची वारी या सर्वांतून जंतुसंसर्गाला वाट मिळते. मूत्रमार्गाच्या संसर्गावर पूर्वी गोळ्यांनी काम भागत असे. आता चाचणीचा अहवाल येतो आणि त्यातील निम्म्या औषधांपुढे 'निष्प्रभ' असा शेरा असतो, हा अनुभव कित्येक काळजीवाहकांना आहे. मग शिरेतून द्यावयाची महाग औषधे, दवाखान्यातील मुक्काम आणि मूत्रपिंडावरील ताण हे सारे मागोमाग येते.

लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकरोधामुळे थेट झालेले मृत्यू सुमारे १२ लाख ७० हजार होते. याच अभ्यासमालेतील २०२४ चा निष्कर्ष आपल्या वाचकांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. १९९० ते २०२१ या काळात पाच वर्षांखालील मुलांमधील असे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, तर सत्तरीपुढील व्यक्तींमधील मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक वाढले. या ओझ्याला केवळ कोंबडी जबाबदार नाही. माणसांनी स्वतः केलेला औषधांचा अविचारी वापर आणि रुग्णालयांतील संसर्ग हे मोठे भागीदार आहेत. परंतु कोलिस्टिनसारखे अतिदक्षता विभागात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले औषध कोंबडीच्या खाद्यात मिसळले जावे, ही उधळपट्टी समाजाला परवडणारी नाही. कोलिस्टिनला रोध करणारे आणि एका जंतूतून दुसऱ्यात सहज जाणारे जनुक २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी प्रथम नोंदवले, तेही डुकरे, मांस आणि रुग्ण अशा तिन्ही ठिकाणी.

ओवा आणि लसूण नेमके करतात काय?

युरोपात खाद्यातील प्रतिजैविके बंद झाल्यावर उत्पादकांनी थाइम व ओरेगॅनो या वनस्पतींच्या तेलांकडे मोर्चा वळवला. थाइममधील थायमॉल हा प्रमुख घटक आपल्या फोडणीच्या डब्यातील ओव्यातही भरपूर असतो. ओव्याला तो झणझणीत वास येतो तो त्याच्यामुळेच. थायमॉल तेलात विरघळणारा असल्याने जंतूच्या बाह्य पटलात शिरतो आणि ते पटल गळके करतो. दालचिनीतील सिनामाल्डिहाइड, लवंग व तुळशीतील युजेनॉल, ठेचलेल्या लसणातील ॲलिसिन यांचेही जंतूंवर प्रतिकूल परिणाम प्रयोगशाळेत दिसून आले आहेत.

जंतुनाश हा या पदार्थांच्या कामाचा एक भाग झाला. तिखट आणि सुगंधी द्रव्यांनी पाचक रस अधिक स्रवतात. मिऱ्यातील पायपरिनमुळे इतर घटकांचे शोषण वाढते. हळद, आवळा, शेवग्याचा पाला यांतील घटक पेशींची झीज रोखण्यास मदत करतात. उन्हाच्या ताणात त्यांचा विशेष उपयोग होतो. आतड्याचे अस्तर निकोप राहिले की खाल्लेले खाद्य अंगी लागते आणि रोगट जंतूंना जागा कमी उरते.

आपल्याकडील पशुवैद्यकांनाही हा विषय नवा नाही. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून कार्यरत आहे आणि आज ते नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. या विद्यापीठाच्या महाविद्यालयांत हळद, लसूण, शेवगा अशा वनस्पतींचे ब्रॉयलरवरील परिणाम पदव्युत्तर संशोधनातून तपासले जातात. पुण्याच्या 'अंथ्रा' या महिला पशुवैद्यकांनी उभारलेल्या संस्थेने ग्रामीण स्त्रियांकडील पशुउपचारांचे ज्ञान नोंदवून ठेवण्याचे काम केले आहे. गावठी कोंबड्यांना हळद-लसूण देणारी खेड्यातील आजी आणि खाद्य कारखान्यातील तज्ज्ञ या विषयात एकमेकांपासून फार दूर नाहीत.

मर्यादाही तितक्याच ठाम

'वनस्पतिजन्य' हा शब्द ऐकला की आपले मन निर्धास्त होते. येथे सावधपणा हवा. एकाच वनस्पतीतील गुणकारी घटकाचे प्रमाण जमीन, हंगाम, वाण आणि साठवण यांनुसार बदलते. तेले उडून जाणारी असतात. खाद्याच्या गोळ्या बनवताना लागणाऱ्या उष्णतेत त्यांचा बराच भाग नाहीसा होऊ शकतो. त्यामुळे एका प्रयोगात वजन वाढलेले दिसते, तर दुसऱ्यात काहीच फरक पडत नाही. कडुनिंबासारखा कडू पाला जास्त झाला तर पक्षी खाणेच कमी करतात. प्रमाणित अर्क, ठरलेली मात्रा आणि पशुवैद्यकाचे मार्गदर्शन यांशिवाय हा पर्याय भरवशाचा राहत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आजारी पक्ष्याचा उपचार वनौषधींनी होईलच असे नाही. पक्ष्यांना जंतुसंसर्ग झाल्यावर पशुवैद्यकाने तपासून योग्य औषध योग्य दिवस देणे आणि नंतरचा प्रतीक्षाकाळ पाळणे हेच शास्त्रीय आहे. विषाणूजन्य आजारांत तर प्रतिजैविकही निरुपयोगी असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला तेव्हा परिसरातील हजारो पक्षी नष्ट करावे लागले. तेथे ना ओवा उपयोगी पडला असता, ना प्रतिजैविक. अशा आजारात शेडमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांवरील निर्बंध, पादत्राणांचे निर्जंतुकीकरण, वन्य पक्ष्यांपासून अंतर हीच खरी ढाल असते.

डेन्मार्कच्या ब्रॉयलर उत्पादकांनी १९९८ मध्ये वाढीसाठीची प्रतिजैविके स्वेच्छेने थांबवली. पुढील पाहणीत पक्ष्यांची मरतुक वाढली नाही, उत्पादन घटले नाही. दर किलो वजनामागे लागणारे खाद्य मात्र किंचित वाढले. कोरडी गादी, खेळती हवा, वेळेवर लसीकरण, स्वच्छ पाणी आणि दोन तुकड्यांमध्ये शेड रिकामी ठेवणे ही शिस्त असेल तरच वनौषधी, उपकारक जिवाणू आणि सेंद्रिय आम्ले यांची जोड कामी येते. आपल्याकडील करार शेतकऱ्याने ही शिस्त पाळावी असे वाटत असेल, तर तिच्यासाठी येणारा खर्च एकट्या त्याच्या माथी राहता कामा नये. ग्राहकाने विचारणा केली की कंपनीला त्याचे उत्तर द्यावे लागते, म्हणून आपल्या प्रश्नांना किंमत आहे.

दुकानात काय विचारावे, काय पाहावे?

१. दुकानाकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना वा नोंदणी आहे का, हे पाहावे. त्यावर १४ अंकी क्रमांक असतो.

२. पाकिटावरील शब्द नीट वाचावेत. 'प्रतिजैविक अवशेषमुक्त' याचा अर्थ मांसात औषधाचा अंश मर्यादेबाहेर नाही एवढाच. पक्ष्याला औषध कधी दिलेच नाही असा तो नव्हे. 'प्रतिजैविकांविना वाढवलेली' हा दावा त्याहून मोठा आहे. तो कोणी तपासला, हे कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारता येते.

३. 'हर्बल चिकन' असे नाव असेल तर खाद्यात वनौषधी घातल्या, पण प्रतिजैविके थांबवली का, हा पुढचा प्रश्न विचारावा. दोन्ही एकत्र दिले जाणे अशक्य नाही.

४. गावठी कोंबडी म्हणजे आपोआप औषधमुक्त असे समजू नये. ती कोठे व कशी वाढली, यावर सारे अवलंबून असते.

५. हळद-ओवा खाल्लेल्या कोंबडीच्या मांसातून त्या वनस्पतींचे औषधी गुण आपल्याला मिळतील, या अपेक्षेने जास्त पैसे मोजू नयेत. लाभ असेल तर तो प्रतिजैविकांचा वापर घटण्याचा आहे.

स्वयंपाकघरातील शिस्त

उत्पादकाची पद्धत आपल्या हाती नाही, ओटा मात्र आपल्या हाती आहे. जंतू औषधाला दाद देणारा असो वा न देणारा, उष्णतेपुढे दोघेही सारखेच हतबल असतात. तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस तापमान पोहोचले की ते मरतात. प्रेशर कुकरमध्ये हे सहज साधते. औषधांचे अवशेष मात्र शिजवल्याने पूर्णपणे नष्ट होतात असे नाही, म्हणून खरेदीच्या वेळची चौकशी टाळू नये.

कच्ची कोंबडी वाहत्या नळाखाली धुण्याची सवय मोडावी. त्यातून उडणारे तुषार शेजारच्या कोशिंबिरीवर, भांड्यांवर, हातांवर जंतू नेऊन बसवतात. धुण्यावाचून राहवत नसेल तर पातेल्यातील पाण्यात हलक्या हाताने धुवावी आणि नंतर सिंक साबणाने घासावे. हळद-मीठ चोळल्याने चव येते, निर्जंतुकीकरण होत नाही. कच्च्या मांसासाठी सुरी व पाट वेगळे ठेवावेत. फ्रिजमध्ये मांस झाकून सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे. उरलेले सूप दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवून, देताना पुन्हा उकळावे.

अंथरुणावरील रुग्णाची सेवा करणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. कच्चे मांस हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय लघवीची नळी, जखमेची पट्टी किंवा खाऊ घालण्याचा चमचा यांना स्पर्श करू नये.

आता सुपाविषयी. गाळलेल्या पातळ सुपात प्रथिने अगदी थोडी उतरतात. ती तुकड्यांत राहतात. आजोबांना सूप पाजून तुकडे नातवंडांना दिले, तर ज्यांच्यासाठी खटाटोप केला त्यांना फक्त चव मिळते. मांस मऊ शिजवून, बारीक कुस्करून सुपातच घालावे किंवा खिमा करून मऊ भाताबरोबर द्यावे. निरोगी ज्येष्ठाला दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत, असे तज्ज्ञ सुचवतात; म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीस ६० ते ७२ ग्रॅम. कातडी व हाड काढलेल्या १०० ग्रॅम कोंबडीतून त्यांपैकी वीसेक ग्रॅम मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे आणि गिळण्याचा त्रास असल्यास पदार्थाचा घट्टपणा त्यांना विचारूनच ठेवावा.

आपल्या औषधांचा डबाही तपासावा. मागच्या आजारपणातून उरलेली प्रतिजैविकाची पट्टी शेजारच्या काकूंना देणे, दोन दिवसांत बरे वाटले म्हणून गोळ्या थांबवणे, सर्दीसाठी दुकानदाराकडून परस्पर औषध घेणे यांतून तेच घडते जे खाद्यातील औषधाने शेडमध्ये घडते. अनेक प्रतिजैविके २०१४ पासून 'एच-१' अनुसूचीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. फ्लू व न्यूमोनियाच्या लसींविषयीही आपल्या डॉक्टरांना विचारावे. टळलेला प्रत्येक संसर्ग म्हणजे न लागलेले एक प्रतिजैविक.

तेव्हा आईला कोंबडी द्यावी का? तिला ती रुचत असेल, पचत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर जरूर द्यावी. नीट शिजवून, तुकड्यांसकट द्यावी. आणि पुढच्या खेपेस दुकानदाराला एवढे विचारावे : हे पक्षी कोणत्या फार्मवरून येतात आणि त्यांच्या खाद्यात काय असते? पहिल्यांदा त्याला उत्तर देता येणार नाही. दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर अकराव्यासाठी तो माहिती घेऊन ठेवील.